घाटावरून देवमाशाविषयी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर येऊन अडकलेल्या देवमाशाच्या पिल्लाचा गेल्या अंकात या सदरात ओझरता उल्लेख आला होता. त्या चार ओळींवर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देण्याचे ठरवले. समुद्र पाहायचा म्हणजे आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरावा लागतो, अशा मुलखातील माणसांना देवमाशाबद्दल एवढी आस्था वाटते, याचे मला मनापासून समाधान आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब गणपतीपुळ्यालाच होतो. पिल्लाच्या अंगावर ओले कापड घालून माणसे त्याच्यावर पाणी ओतत होती. ते श्वास सोडायचे तेव्हा ट्रकच्या ब्रेकमधून हवा सुटावी तसा आवाज यायचा आणि माझी सहा वर्षांची मुलगी दर वेळी माझा हात घट्ट धरायची. त्याला समुद्रात नेल्याचे ऐकून आम्ही आनंदाने परतलो आणि नंतर ते गेल्याची बातमी वाचली. इतकी माणसे दोन दिवस राबली, तरी ते का वाचले नाही? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या मुलीला आधी हे सांगावे की माणसांचे कष्ट कमी पडले म्हणून ते पिल्लू गेले असे नाही. देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, त्यामुळे वाळूवर आल्याबरोबर त्याचा श्वास थांबत नाही. त्याला मारते ते त्याचेच वजन. आयुष्यभर जो भार पाण्याने तोललेला असतो तो वाळूवर आला की छाती आणि स्नायूंवर पडतो, श्वास घेणे जड होते, चिरडलेल्या स्नायूंतून विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. त्यातच कातडीखालचा चरबीचा जाड थर, जो थंड पाण्यात त्याचे रक्षण करतो, तोच उन्हात अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही. पिल्लाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे आई. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सुमारे ७ मीटर लांब असते आणि आईच्या दुधावर त्याचे वजन दिवसाला ९० किलोच्या आसपास वाढते. आईपासून तुटलेल्या पिल्लाला खोल पाण्यात नेऊन सोडले, तरी तेथे त्याला पाजणारे कोणी नसते.

ते किनाऱ्याला का लागले, याचे उत्तर मात्र सावधपणे दिले पाहिजे. आजारपण, आईशी चुकामूक, जहाजाची धडक, जाळ्यात अडकणे, पाण्यातला कानठळ्या बसवणारा आवाज अशी अनेक कारणे असू शकतात, आणि शवविच्छेदनातला पुरावा हाती नसताना कोणत्याही एका मृत्यूविषयी 'हे माणसाने केले' असे म्हणणे योग्य नाही. तमिळनाडूतील तिरुचेंदूरच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्ये ८० हून अधिक पायलट व्हेल एकाच वेळी आले. लोकांनी समुद्रात लोटलेले त्यांतले काही पुन्हा किनाऱ्याकडे वळले आणि अनेक मेले. त्याच परिसरात १९७३ मध्येही अशीच घटना घडली होती. हे देवमासे एकमेकांना सोडत नाहीत, त्यामुळे पुढचा भरकटला की मागचा सगळा कळप त्याच्यामागे जातो.

पुन्हा कधी असे दृश्य समोर आले, तर शेपटीला दोर बांधून ओढू नये, कारण तिचे सांधे निखळतात. डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, अंग ओले आणि सावलीत ठेवावे, गर्दी मागे हटवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. अशा प्रसंगी कोणी काय करायचे याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीतून लावल्या जाव्यात असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या भागातील माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली आहेत. त्यांतील ओळखीच्या एकाने मला 'देवमाशाच्या उलटी'च्या व्यवहारात भागीदारी देऊ केली आहे. सांगलीत अशी उलटी पोलिसांनी पकडल्याचे मी वाचले होते. परंतु यासाठी कोणी देवमासा मारत नाही, ती आपोआप किनाऱ्याला लागते. मग यात गुन्हा कसला? — एक वाचक, विटा

उत्तर : आपण विचारलेत हे फार बरे केलेत. या व्यवहारात एक रुपयाही घालू नका.

जिला लोक उलटी म्हणतात ती बहुधा उलटी नसतेच. स्पर्म व्हेल हा देवमासा खोल समुद्रातले म्हाकूल (स्क्विड) खातो. म्हाकूलाची पोपटासारखी कठीण चोच त्याला पचत नाही. थोड्याच देवमाशांच्या आतड्यात अशा चोचींभोवती मेणासारखा थर साचत जातो आणि त्याचा गोळा बनतो. तो विष्ठेबरोबर किंवा देवमासा मेल्यानंतर बाहेर पडतो, लाटांवर तरंगत राहतो आणि ऊन व खारे पाणी लागून त्याचा दर्प निवळतो. यालाच अंबर म्हणतात. अत्तराचा वास कपड्यावर टिकून राहावा म्हणून तो शतकानुशतके वापरला जात आला. आता त्याचे काम करणारे द्रव्य क्लेरी सेज या वनस्पतीपासून कारखान्यात तयार होते, त्यामुळे अत्तराचा धंदा त्यावाचून अडलेला नाही.

काही देशांत सापडलेले अंबर विकता येते, आणि 'तिकडे चालते' हेच वाक्य इकडे गिऱ्हाईक फसवायला वापरले जाते. भारतात स्पर्म व्हेलला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे आणि त्याच्या शरीरातून आलेला पदार्थ बाळगणे, विकणे व वाहून नेणे हा गुन्हा आहे. वरच्या अनुसूचीतील, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या यादीतील, प्राण्यांच्या बाबतीत त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. कोणी मारले नाही तरी बंदी का, हा आपला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की वाळूत सापडलेला गोळा आणि मेलेल्या किंवा मारलेल्या देवमाशाचे पोट फाडून काढलेला गोळा यांत, एकदा तो पिशवीत गेल्यावर, कोणालाही फरक सांगता येत नाही. तुमच्या गलाईच्या भट्टीत दागिना वितळला की तो कोणाच्या गळ्यातला होता हे जसे पुसले जाते, तसेच हे आहे. कोट्यवधींचा भाव एकदा कानावर पडला की किनाऱ्याला लागलेला जिवंत देवमासा काहींच्या डोळ्यांना तिजोरीसारखा दिसू लागतो, आणि हीच भीती मोठी आहे. शिवाय या बाजारात अंबर म्हणून मेण आणि चरबीचे गोळेही विकले जातात. फसलेला माणूस पोलिसांकडे जाऊ शकत नाही, कारण तो स्वतःच गुन्ह्यात भागीदार झालेला असतो. कोणाला खरोखर असा गोळा सापडला, तर तो वन विभागाच्या स्वाधीन करावा.

प्रश्न : देवमाशांची शिकार जगभर बंद झाली असे आम्ही शाळेत शिकलो. मग संरक्षणाची गरज अजून का? — एक निवृत्त शिक्षक, इस्लामपूर

उत्तर : गुरुजी, शिकार बंद झाली हे बहुतांशी खरे आहे, परंतु ती किती उशिरा बंद झाली हे पाहिले की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. विसाव्या शतकात जगभरात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. वाफेवर चालणारी जहाजे, तोफेतून सुटणारा स्फोटक भाला आणि समुद्रातच चरबी वितळवणारी कारखाना-जहाजे आल्यावर पूर्वी कोणाच्या हाती न लागणारा निळा देवमासाही सुटला नाही. अंटार्क्टिकाभोवती त्याची संख्या सुमारे २ लाख ३९ हजार होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काही शेकड्यांवर आली, म्हणजे हजारी दोनही उरले नाहीत. मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होते. अशा जातीचे नुकसान भरून यायला आपल्या हिशेबाने कित्येक पिढ्या लागतात.

यातला एक प्रसंग आपल्या अरबी समुद्रातला आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. अंटार्क्टिकाकडे निघालेल्या सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी १९६५ आणि १९६६ च्या नोव्हेंबरात ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरील समुद्रात २४२ हंपबॅक देवमासे मारले. हे आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून आणि खोटे आकडे कळवून केलेले काम होते. खरे आकडे सोव्हिएत शास्त्रज्ञांनीच जपून ठेवले होते आणि ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात जगापुढे आले. अरबी समुद्रातले हंपबॅक इतर हंपबॅकांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाहीत. ते वर्षभर येथेच राहतात, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल पाणी वर येते आणि तेथे त्यांना मुबलक खाणे मिळते. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळे आहेत. ओमानच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासात त्यांची संख्या ८२ च्या आसपास निघाली. मारलेल्यांचा आकडा आणि उरलेल्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला आणि तो १९८६ पासून लागू झाला. त्यापूर्वीच, १९७९ मध्ये, सेशेल्ससारख्या चिमुकल्या देशाच्या प्रस्तावावरून हिंदी महासागर अभयक्षेत्र ठरला होता. नॉर्वे आणि आइसलँड यांनी ही बंदी पूर्णपणे मान्य केली नाही. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला आणि स्वतःच्या समुद्रात पुन्हा शिकार करू लागला. परंतु जेथे बंदी पाळली गेली तेथे फळ दिसले आहे. ब्राझीलच्या बाजूच्या समुद्रात एकेकाळी साडेचारशेवर आलेले हंपबॅक आता सुमारे २५,००० आहेत.

प्रश्न : आमची द्राक्षे न्हावा शेवा बंदरातून कंटेनरने युरोपला जातात. जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात असे वाचले. एवढ्या अवाढव्य प्राण्याला एवढे मोठे जहाज येताना कळत नाही का, आणि आमच्यासारख्यांनी यात करायचे तरी काय? — एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : निळा देवमासा लांबीने सुमारे तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्याएवढा असतो, तरी मोठ्या मालवाहू जहाजापुढे तो लहानच. तो श्वास घेण्यासाठी वर येतो, पृष्ठभागाजवळ विसावतो, तेथेच खातो आणि पिल्लाला पाजतो. जहाजाचा आवाज मागच्या पंख्यापाशी निर्माण होतो आणि जहाजाचे प्रचंड धूड तो आवाज पुढच्या बाजूला अडवते. त्यामुळे नेमका समोर असलेल्या देवमाशाला संकट सर्वांत कमी ऐकू येते. लाखो वर्षांत त्याला एवढ्या वेगाने अंगावर येणाऱ्या कशाची सवय झालेली नाही. धडक बसली तरी जहाजावरच्या माणसांना बहुधा हादराही जाणवत नाही, आणि म्हणूनच असे कित्येक मृत्यू कोठेही नोंदले जात नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. जहाज १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने असेल, तर धडकेत मोठा देवमासा दगावण्याची शक्यता साधारण ८० टक्के असते. वेग ९ नॉटच्या आत आला की ती २० टक्क्यांच्या आसपास येते. अमेरिकेने २००८ पासून आपल्या पूर्व किनाऱ्याच्या ठराविक पट्ट्यांत ठराविक महिन्यांत मोठ्या नौकांना १० नॉटची मर्यादा घातली, कारण तेथील राइट व्हेल जातीचे देवमासे आता चारशेच्याही खाली आले आहेत. दुसरा उपाय वाट बदलण्याचा. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून जगातला एक अतिशय गजबजलेला जलमार्ग जातो आणि नेमक्या त्याच पाण्यात निळे देवमासे खायला जमतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे तेथून सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून नेण्यास सुरुवात केली. साऱ्या कंपन्यांनी तसे केले, तर तेथला धोका मोठ्या प्रमाणात टळेल.

आपण काय करावे, असे विचारले आहे. युरोपचे खरेदीदार आपल्या द्राक्षांत औषधाचा अंश किती, पाणी किती वापरले, मजुरांना काय दिले, हे सगळे विचारतात आणि आपण ते कागद पुरवतो. बागायतदारांच्या संघटनेने तितक्याच अधिकाराने निर्यातदाराला आणि जहाज कंपनीला विचारावे, की ओमानच्या किनाऱ्याजवळून जाताना तुमची जहाजे वेग कमी करतात का. माल ज्याचा आहे त्याच्या प्रश्नाला कंपनीला उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : देवमासे वाचवण्यासाठी मासे खाणे सोडावे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : त्याची आवश्यकता नाही. जाळी हा मात्र आजचा सर्वांत मोठा धोका आहे. जगभरात दरवर्षी सुमारे तीन लाख देवमासे, डॉल्फिन आणि त्यांचे भाऊबंद जाळ्यांत अडकून मरतात असा अंदाज आहे. वर उल्लेखलेल्या राइट व्हेलपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जणांच्या अंगावर कधी ना कधी दोर-जाळ्यात अडकल्याचे व्रण आहेत. देवमासा जाळे ओढत महिनोन्‌महिने पोहतो, दोर मांसात रुतत जातो आणि तो उपासमारीने खंगतो. कोकणातल्या मच्छीमाराला हे नको असते, परंतु जाळे कापायचे म्हणजे त्याचे हजारोंचे नुकसान असते. म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये योजना आणली, की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळेल. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण तिने पापाचा धनी शोधण्याऐवजी चांगले काम करणाऱ्याचा तोटा वाटून घेतला आहे. तिची रक्कम जाळ्यांच्या वाढत्या किमतींबरोबर वाढली पाहिजे.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे बनतात. देवमासे गातात असे ऐकले. ते खरे का, आणि आवाजामुळे त्यांना त्रास कसा होतो? — एक वाचक, मिरज

उत्तर : खरे आहे. हंपबॅकचे नर गातात. एका समुद्रातले नर साधारण एकच गाणे गातात आणि ते वर्षागणिक बदलत जाते, एखाद्या घराण्यात बंदिशीची चाल हळूहळू बदलावी तसे. अरबी समुद्रातल्या हंपबॅकांचे गाणे दक्षिण हिंदी महासागरातल्यांपेक्षा वेगळे आहे. निळ्या देवमाशाचा सूर तर इतक्या खर्जातला असतो की त्याचा काही भाग माणसाच्या कानाच्या कक्षेखाली, सेकंदाला वीस कंपनांच्याही खाली जातो. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो आणि खर्जाचा सूर शेकडो किलोमीटर पोहोचतो. जेथे उजेड काही अंतरावरच संपतो तेथे कान हेच डोळे असतात. जोडीदार, पिल्लू, वाट, भक्ष्य हे सगळे आवाजाने शोधायचे असते.

अडचण अशी की जहाजांच्या पंख्यांचा घोंगावही नेमका त्याच खर्जात असतो. विसर्जन मिरवणुकीत दारासमोर डॉल्बीची भिंत उभी असताना आपण तंबोऱ्याची जवारी लावायला बसलात तर काय होईल, हे मी आपल्याला सांगायला नको. आणि ती मिरवणूक वर्षभर, रात्रंदिवस चालू आहे असे समजा. याचा पुरावा एका दुःखद प्रसंगातून मिळाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची वर्दळ काही दिवस थांबल्यासारखी झाली. तेथे राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने आधीपासून गोळा केले जात होते, आणि त्या शांत दिवसांतल्या नमुन्यांत ताण दाखवणारी संप्रेरके कमी भरली. ते प्राणी त्यापूर्वी किती ताणात जगत होते, हे समुद्र गप्प झाल्यावर कळले.

नौदलांच्या शक्तिशाली सोनारचा, म्हणजे ध्वनी सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेचा, आवाज याहून घातक ठरतो. चोचीचे देवमासे त्याला घाबरून एवढ्या घाईने खालीवर करतात, की खोल बुडी मारणाऱ्या माणसांना होतो तसा आजार त्यांना होतो आणि ते किनाऱ्याला लागतात. कॅनरी बेटांजवळ असे वारंवार घडत असे. स्पेनने २००४ मध्ये तेथे अशा सोनारला मनाई केली आणि त्यानंतर ती मालिका थांबली.

प्रश्न : कृष्णेत टाकलेले प्लॅस्टिक खरोखर देवमाशाच्या पोटात जाऊ शकते का, की हे केवळ सांगण्यासाठी सांगतात? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आपण कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या गावात राहता, म्हणून पाण्याच्या वाटेनेच सांगतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे आहेत, तेव्हा आपली पिशवी सरळ समुद्रात पोहोचते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पुष्कळसा कचरा धरणांत आणि काठांवर अडकतो. कोयनेचे पाणी मात्र दोन्ही समुद्रांना जाते, कारण वीज निर्माण झाल्यावर त्यातले बरेचसे सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वाशिष्ठी नदीत आणि तेथून अरबी समुद्रात उतरते. ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरल्यावर मी सांगलीला आयर्विन पुलाजवळ उभा होतो. तेथे बाभळीच्या फांद्यांवर माणसाच्या दुप्पट उंचीवर दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आणि खताच्या गोण्यांचे धागे लटकत होते. जे अडकले ते मी पाहिले. जे पुढे गेले ते कोणी मोजले नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातील वाकाटोबी येथे मेलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात ५.९ किलो प्लॅस्टिक निघाले. त्यात ११५ पेले, २५ पिशव्या आणि दोन चपला होत्या. तो देवमासा इतका कुजलेला होता की मृत्यूचे कारण ठरवता आले नाही. मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये मात्र सुमारे ४० किलो प्लॅस्टिक पोटात घेऊन मेलेला चोचीचा देवमासा सापडला, आणि तो भुकेने गेला होता. काळोखात प्रतिध्वनीवर शिकार करणाऱ्या प्राण्याला तरंगणारी पिशवी म्हाकूलासारखी भासू शकते. पोट भरलेले असते, परंतु त्यात अन्न नसते.

प्रश्न : शेतकऱ्याच्या पोटापाण्याचे एवढे प्रश्न असताना देवमाशाची चिंता का करावी? — एक ऊस उत्पादक, पलूस

उत्तर : आपल्या उसाला देवमाशापासून थेट काही मिळते असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचे काम शेतकऱ्यालाच सर्वांत लवकर समजेल, कारण ते शेणखताचे काम आहे. देवमासा खोल पाण्यात खातो आणि वर येऊन विष्ठा टाकतो. तिच्यात लोह आणि नत्र असते, आणि समुद्राच्या वरच्या थरात नेमकी त्यांचीच चणचण असते. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर कोळंबीसारखे चिमुकले जीव आणि त्यांवर मासे जगतात. निळा देवमासा हंगामात दिवसाला १६ टनांपर्यंत खातो. एवढे खाणारे लाखोंनी नाहीसे झाले तेव्हा त्यांचे खाद्य वाढायला हवे होते, परंतु दक्षिण महासागरात ते उलट घटल्याचे दिसले. जनावरे विकून टाकल्यावर वैरण उरते खरी, पण पुढच्या वर्षी रानाचा कस जातो, हे आपण जाणताच.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला देवमासा बघायचा आहे. आपल्या महाराष्ट्रात दिसेल का? — वाई

उत्तर : दिसू शकेल, पण वाट पाहण्याची तयारी ठेव. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर निळे देवमासे दिसल्याची नोंद संशोधकांनी केली. महाराष्ट्राच्या समुद्रात ते जिवंत दिसल्याची खात्रीची नोंद कित्येक दशकांत नव्हती. आणि तुला लुबानची गोष्ट सांगायला हवी. लुबान ही अरबी समुद्रातली हंपबॅक मादी. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ संशोधकांनी तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे छोटे यंत्र बसवले. ती तेथेच घुटमळेल असे वाटत असताना तिने सरळ पूर्वेची वाट धरली, सारा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तेथून दक्षिणेकडे गेली. उरलेल्या मोजक्या हंपबॅकांचा समुद्र आणि आपला समुद्र एकच आहे, हे तिने दाखवून दिले.

सुट्टीत मालवण-देवगडकडे गेलीस तर बंदरावरच्या जाणत्या तांडेलकाकांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, विचार, की देवमाशाची फुंकर कोणत्या महिन्यात आणि किती वाव खोल पाण्यात दिसते. त्यांना ठाऊक असते. होडीतून कधी पाण्यावर वाफेचा उंच खांब दिसला तर होडी मंद करायला सांग आणि निदान शंभर मीटर दूर थांबा, त्याच्या वाटेत आडवे जाऊ नका. तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहून ठेव. बुडी मारताना हंपबॅक शेपूट वर काढतो, तेवढ्यात फोटो मिळाला तर उत्तम, कारण शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे प्रत्येक हंपबॅकचे वेगळे असतात आणि त्यावरूनच संशोधक त्यांना एकेकट्याने ओळखतात. तो फोटो आणि वहीचे पान आमच्याकडे पाठव. ते अभ्यासकांपर्यंत पोहोचवण्याचे काम माझे.